जिथं जायचं नसतं

क्विटो सोडलं तेव्हा पहाट होती. बस पापायाक्ताच्या खिंडीकडे चढू लागली तसा श्वास अपुरा पडू लागला. चार हजार मीटरांवर खिडकीबाहेर करडं गवत, धुकं आणि काळे खडक, एवढंच. खिंड ओलांडली आणि उतार लागला. दगडांवर शेवाळ दिसू लागलं, मग नेचे, मग ढगात उभी असलेली झाडं. आणि एका वळणानंतर हवा एकदम ओली, कोमट, जड झाली. इक्वेडोरमधल्या अँडीजच्या पूर्व उतरणीवरून मी ॲमेझॉनच्या खोऱ्यात उतरत होते. सकाळी हिमशिखरं आणि संध्याकाळी विषुववृत्तावरचं अरण्य, हे नकाशात पाहिलं होतं; अंगाला जाणवलं तेव्हा खरं वाटेना.

या सगळ्या वाटेवर एक लोखंडी नळ आमच्या सोबतीला होता. कधी तो रस्त्याच्या कडेनं धावे, कधी घरांच्या उंबऱ्याला लागून, कधी ओढ्यावरून पलीकडे. बायकांनी त्याच्यावर कपडे वाळत घातले होते. १९७२ मध्ये सुरू झालेली ही पाइपलाइन ॲमेझॉनच्या जंगलातलं कच्चं तेल अँडीजच्या माथ्यावर चढवते आणि पलीकडे पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, एस्मेराल्दासला उतरवते. जवळजवळ ५०० किलोमीटर. आम्ही डोंगर उतरत होतो आणि आमच्या शेजारून ते तेल डोंगर चढत होतं.

त्याच वर्षी जूनमध्ये या तेलाचं पहिलं पिंप क्विटोच्या रस्त्यांवरून लष्करी गाडीवर मिरवत नेलं होतं. लोकांनी गर्दी केली, त्या काळ्या द्रवात बोटं बुडवून पाहिली. आता आपलं दारिद्र्य फिटणार, असं त्या देशाला मनापासून वाटलं होतं. तो आनंद खोटा नव्हता. पण ज्यांच्या पायाखालून ते तेल काढलं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या पन्नास वर्षांची कहाणी त्या एका न विचारण्यातून सुरू होते.

वाटेत रेव्हेंतादोर ज्वालामुखीच्या पायथ्याशी ड्रायव्हरनं बस हळू केली. इथं सान राफाएल नावाचा दीडशे मीटर उंचीचा धबधबा होता, देशातला सर्वांत मोठा. २ फेब्रुवारी २०२० रोजी तो एकाएकी नाहीसा झाला. वरच्या पात्राचा तळ खचला आणि कोका नदी त्या भगदाडातून दुसऱ्याच वाटेनं वाहू लागली. मग नदी आपला काठ मागं मागं खात सुटली, आणि ७ एप्रिलला काठावरच्या पाइपलाइन तुटल्या. १५ हजारांहून अधिक पिंपं तेल कोका आणि नापो नद्यांत गेलं. टाळेबंदीचे दिवस होते. काठावरच्या किचवा आदिवासींच्या गावांतली माणसं बाजारात जाऊ शकत नव्हती, नदीच्या माशांवर आणि नदीच्याच पाण्यावर दिवस काढत होती. नेमकी तीच नदी काळी झाली. भूगर्भ हलता असलेल्या या डोंगरातून तेलाचे नळ नेले, तेव्हा हा धोका त्या नळांसोबतच आला होता.

लागो आग्रिओला पोहोचलो तेव्हा रात्र पडली होती, पण आकाश काळं नव्हतं. गावाबाहेर उंच नळांच्या टोकांशी नारिंगी ज्वाळा फडफडत होत्या. तेलासोबत वर येणारा वायू असा जाळून टाकतात. हजारो किडे-पतंग त्या उजेडाकडे झेपावतात आणि सकाळी खाली त्यांचा खच पडलेला असतो. २०२१ मध्ये या भागातल्या नऊ मुलींनी न्यायालयात जाऊन या ज्वाळा विझवण्याचा आदेश मिळवला. आधी वस्तीजवळच्या, मग २०३० पर्यंत बाकीच्या. शाळकरी वयाच्या मुली आपल्या गावच्या हवेसाठी राज्यसंस्थेसमोर उभ्या राहतात, या गोष्टीनं मी थक्क झाले. मात्र आदेशानंतरही ज्वाळा जळत राहिल्या.

हा मुलूख कोफान आदिवासींचा. १९६७ मध्ये टेक्साको आणि गल्फ या अमेरिकी कंपन्यांच्या विहिरीला इथं तेल लागलं आणि जंगलात एक शहर उभं राहिलं. कोफानांच्या शेजारी तेतेते नावाचे लोक राहत. रबराच्या काळातल्या धाडींनी ते आधीच खचले होते. १९६० च्या दशकात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. आज एकही नाही. त्यांची भाषा बोलणारं, त्यांच्या नद्यांची त्यांनी ठेवलेली नावं सांगणारं कुणी उरलेलं नाही. एक संपूर्ण मानवसमाज माझ्या आईवडिलांच्या हयातीत पृथ्वीवरून पुसला गेला आणि मला त्याचं नावही इथं येईपर्यंत माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक स्थानिक कार्यकर्ता आम्हाला गावाबाहेरच्या एका जुन्या विहिरीपाशी घेऊन गेला. वर झुडपं होती, जमीन साधी दिसत होती. त्यानं हातमोजे घातले, काठी मातीत खुपसली आणि बाहेर काढली. काठी डांबरासारखी काळी होती, आणि वास पेट्रोलपंपावरचा. तेलाबरोबर जमिनीतून खारं, तापलेलं, विषारी पाणी वर येतं. ते पुन्हा खोल जमिनीत सोडता येतं, पण त्याला खर्च येतो. म्हणून कंपनीनं असं पाणी अब्जावधी गॅलनांनी ओढ्यानाल्यांत सोडलं, आणि विहिरींचा गाळ शेकडो उघड्या, अस्तर नसलेल्या खड्ड्यांत ओतला. लोक त्याच ओढ्यांत आंघोळ करत, त्यांचंच पाणी पीत.

यावरचा खटला १९९३ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाला. पुढं टेक्साको शेव्हरॉनमध्ये विलीन झाली, खटला लागो आग्रिओच्या न्यायालयात आला, २०११ मध्ये कंपनीला अब्जावधी डॉलरचा दंड झाला. कंपनीनं तो भरला नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं तो निकाल गैरप्रकारांनी मिळवल्याचं ठरवलं. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादानंही कंपनीच्या बाजूनं कौल दिला. तीन देशांत कागदांचे डोंगर झाले. मी उभी होते तिथली माती मात्र काळीच होती, आणि दहा पावलांवर एका घरासमोर कोंबड्या ती उकरत होत्या.

तिथून दक्षिणेला कोका. नापो नदीच्या काठावरचं हे शहर तेलाचं ठाणं आहे. सपाट बोटींवर ट्रक, क्रेन, लोखंडी नळ लादून नदीतून नेतात. शहराच्या चर्चमध्ये दोन कबरी आहेत. बिशप आलेहान्द्रो लाबाका आणि सिस्टर इनेस आरांगो यांच्या. त्यांची हकीकत ऐकल्याशिवाय या प्रदेशाचं मन कळत नाही.

नापोच्या दक्षिणेचं अरण्य वाओरानी आदिवासींचं. चोंटा ताडाच्या लांब भाल्यांनी ते आपला मुलूख पिढ्यान्‌पिढ्या राखत आले. जानेवारी १९५६ मध्ये कुराराय नदीच्या वाळूवर विमानानं उतरलेल्या पाच अमेरिकी धर्मप्रचारकांना त्यांनी ठार केलं. १९५८ मध्ये त्यांपैकी एकाची बहीण आणि दुसऱ्याची विधवा याच वाओरानींत जाऊन राहिल्या. पुढच्या दशकात बहुसंख्य वाओरानी आपल्या विस्तीर्ण मुलखातून उठून एका लहानशा मिशन वसाहतीत गोळा झाले. मागं रिकाम्या झालेल्या जंगलात तेलाचा शोध घेणं सोपं झालं. वसाहतीत १९६९ मध्ये पोलिओची साथ आली. हे सगळं नाकारून एक गट जंगलात खोल निघून गेला. त्याच्या म्होरक्याचं नाव तागा, म्हणून ते तागाएरी. त्यांच्याच आसपास, वाओरानींशी नातं सांगणारी भाषा बोलणारे तारोमेनाने राहतात. हे दोन्ही समाज आजही बाहेरच्या जगाशी संबंध ठेवत नाहीत.

लाबाका वाओरानींत राहिले होते; एका वाओरानी कुटुंबानं त्यांना मुलगा मानलं होतं. १९८७ मध्ये तेलाचा शोध तागाएरींच्या घरांपर्यंत येऊन ठेपला. कामगार आणि तागाएरी समोरासमोर आले तर रक्त सांडेल, आणि बंदुकीपुढं तागाएरी टिकणार नाहीत, हे लाबाकांना दिसत होतं. कंपन्यांच्या आधी आपण पोहोचावं, म्हणून २१ जुलैला ते आणि सिस्टर इनेस हेलिकॉप्टरमधून त्या वस्तीवर उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांचे भाल्यांनी विंधलेले देह सापडले.

त्या कबरींसमोर मी बराच वेळ बसले. त्या दोघांचं प्रेम खरं होतं, धैर्य खरं होतं. आणि तागाएरींचा नकारही तितकाच खरा होता. हेलिकॉप्टरमधून जो उतरतो तो कुठल्या हेतूनं आला आहे, हे खालच्या माणसानं कसं ओळखावं? त्यांना वाचवायचं तर त्यांच्यापर्यंत जायचं नाही. आपल्या जगाचं त्यांच्यापर्यंत जाणं अडवायचं, हे त्या दोन मृत्यूंनी सांगितलं.

कोकाहून दक्षिणेला एक रस्ता जातो. तो तेलकंपनीनं विहिरींसाठी बांधला. कडेनं नळच नळ, आणि नळांच्या मागं वसाहतकऱ्यांची शेतं, लाकडाची कोठारं, दारूची दुकानं. तेल काढताना तुटतं त्याहून किती तरी अधिक जंगल तेलाच्या रस्त्यानं जातं, हे इथं डोळ्यांनी दिसतं. विहिरीला लागते थोडीशी जागा. रस्त्यामागून लाकूडतोडे येतात, शिकारी येतात, जमिनीचा तुकडा शोधणारी गरीब कुटुंबं येतात. रस्ता शिरिपुनो नदीच्या पुलापाशी पोहोचतो आणि तिथून पुढं होडी.

होडीतून एका वाओरानी वस्तीवर पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. पत्र्याची घरं होती, शाळा होती, आणि त्यांच्यामध्ये ताडाच्या पानांचं जमिनीपर्यंत उतरलेलं एक जुन्या पद्धतीचं लांब घर होतं. आत धूर, झोळ्या, कोपऱ्यात भाले. एक वृद्ध बाई चांबिरा ताडाच्या तंतूंचा पीळ मांडीवर वळत बसल्या होत्या. आमच्यासोबतचा वाओरानी तरुण त्यांना आजी म्हणत होता, म्हणून मीही म्हणाले. त्यांनी युका या कंदाच्या आंबिलीचा वाडगा पुढं केला. तरुणानं एकेक वाक्य स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्यांचं बालपण बाहेरची माणसं येण्याआधीचं. वसाहतीतल्या आजारात त्यांच्या घरातली माणसं गेली. जंगलात राहिलेल्यांविषयी विचारलं तेव्हा त्या पटकन बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या ते एवढंच की, ते आपलेच लोक आहेत, आणि त्यांना आवाज नको आहे. जनरेटरचा, करवतींचा, हेलिकॉप्टरचा आवाज.

त्या लोकांनी वाटांवर आडवे रोवलेले, एकमेकांना छेदणारे भाले अनेकांनी पाहिले आहेत. ती त्यांची सही आहे. ग्रामसभा नाही, वकील नाही, निवेदन नाही. दोन भाले, आणि अर्थ एकच: पुढं येऊ नका.

या समाजांवर बाहेरच्या जगाचा घाला किती प्रकारांनी पडतो, ते इथं कळत गेलं. पहिला रोगाचा. सर्दी, गोवर, डांग्या खोकला यांची ओळख त्यांच्या शरीरांना नाही. शेजारच्या पेरूमध्ये १९८० च्या दशकात नाहुआ लोकांचा लाकूडतोड्यांशी संपर्क आला आणि काही वर्षांत त्यांतले निम्म्याहून अधिक मेले. दुसरा घाला भुकेचा: रस्ते आणि यंत्रांमुळं शिकार पांगते, आणि जगण्यासाठी लागणारं रान अपुरं पडू लागतं. तिसरा सर्वांत दुःखाचा. चारी बाजूंनी जागा आक्रसली की संपर्कात आलेले वाओरानी आणि न आलेले तारोमेनाने एकमेकांच्या अंगावर येतात. २००३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये इथं हत्याकांडं झाली. बायका-मुलं मारली गेली, दुसऱ्या वेळी दोन लहान मुलींना उचलून आणलं गेलं. बातम्यांत याला टोळीयुद्ध म्हटलं गेलं. पण ज्या रानात पूर्वी अंतर राखून जगता येत होतं ते रान कुणी कापलं, हा प्रश्न त्या बातम्यांत नसे.

शिरिपुनोवर आणखी खाली सरकारचं एक देखरेखीचं ठाणं आहे. इथून पुढं ‘अस्पर्श क्षेत्र’ जवळ येतं. १९९९ मध्ये ते जाहीर झालं, २००७ मध्ये त्याच्या सीमा आखल्या गेल्या. साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून अधिक अरण्य. इथं तेल काढायचं नाही, लाकूड तोडायचं नाही, उपदेश करायला जायचं नाही, फोटो काढायलाही नाही. २००८ च्या इक्वेडोरच्या घटनेत तर स्पष्ट लिहिलं आहे की, स्वेच्छेनं अलिप्त राहणाऱ्या समाजांच्या भूमीवर कसलंही उत्खनन करता येणार नाही, आणि त्या हक्काचा भंग हा वंशसंस्कृतीच्या उच्छेदाचा गुन्हा ठरेल. याच घटनेनं नदीला, अरण्याला, निसर्गालाही हक्क दिले.

नावाड्यानं इंजिन बंद केलं. पाणी चहासारख्या रंगाचं, दोन्ही काठांवर हिरवी भिंत. आयुष्यभर मी पोहोचण्यासाठी प्रवास केला. शिखर, बेट, शेवटचं गाव. इथं अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आले होते आणि पुढं न जाणं हेच इथलं कर्तव्य होतं. आमच्या कोकणातल्या देवराईत कुऱ्हाड बाहेर ठेवतात, वाळलेली काटकीही कुणी घरी नेत नाही. तशीच ही रेघ, फक्त तिच्या आत देवाच्या ठिकाणी जिवंत माणसं आहेत. ती किती आहेत, हे कुणी मोजायला जायचं नाही, कारण मोजणीचं पथकच त्यांना मारक ठरेल. आधुनिक राज्य प्रत्येक नागरिकाची नोंद मागतं. इथं एका राज्यानं लिहून दिलं होतं की काही माणसांची नोंद आम्ही मागणार नाही, तरी त्यांचे सगळे हक्क आम्ही मानतो. मला या प्रवासात दिसलेलं सर्वांत मोठं आश्चर्य ते हेच.

परत कोकाला येऊन मी नापोवरून पूर्वेला, यासुनी राष्ट्रीय उद्यानाच्या काठाकाठानं गेले. १९७९ मध्ये हे उद्यान झालं, १९८९ मध्ये युनेस्कोनं त्याला जीवावरणाचा राखीव प्रदेश म्हणून मान दिला. इथल्या एकाच हेक्टरात वृक्षांच्या ६५५ जाती नोंदल्या आहेत. पहाटे एका चिकणमातीच्या दरडीसमोर बसलो होतो. आधी काहीच नव्हतं. मग एक पोपट उतरला, मग दहा, मग शेकडो. सगळी दरड हिरवी होऊन हलू लागली आणि त्यांच्या कलकलाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. सावरीच्या कुळातला एक महावृक्ष पाहिला, त्याच्या आधारमुळांच्या कप्प्यांत एखादं कुटुंब संसार थाटू शकेल. हे रान अन्यांगू नावाच्या किचवा गावानं राखलं आहे. त्यांनी आपल्या हद्दीत शिकार बंद केली आणि स्वतःच्या मालकीचं पर्यटक-निवास उभारलं. तेलाशिवाय पोट भरता येतं, हे त्यांनी करून दाखवलं आहे.

याच उद्यानाच्या पूर्व टोकाला इश्पिंगो, ताम्बोकोचा आणि तिपुतिनी ही तीन तेलक्षेत्रं आहेत. जमिनीखाली सुमारे ८४ कोटी पिंपं तेल. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेया यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत जगापुढं एक प्रस्ताव ठेवला. हे तेल आम्ही कायमचं जमिनीत ठेवतो. त्याच्या निम्म्या किमतीइतके, ३.६ अब्ज डॉलर जगानं आम्हाला द्यावेत. हवामान सगळ्यांचं आहे, मग त्याग एकट्या गरीब देशानं का करावा? प्रश्न रास्त होता. सहा वर्षांत खात्यात आले जेमतेम १.३ कोटी डॉलर. ऑगस्ट २०१३ मध्ये कोरेयांनी प्रस्ताव गुंडाळला. २०१६ मध्ये तिपुतिनीतून तेल वाहू लागलं.

पण त्या देशातल्या तरुणांनी हे मान्य केलं नाही. ‘यासुनीदोस’ या गटानं सार्वमतासाठी साडेसात लाखांवर सह्या जमवल्या. २०१४ मध्ये निवडणूक यंत्रणेनं त्यांतल्या लाखो सह्या बाद ठरवल्या. ती मुलं न्यायालयात गेली, हरली, पुन्हा गेली. अखेर २०२३ च्या मे महिन्यात घटना न्यायालयानं सार्वमताला परवानगी दिली. २० ऑगस्ट २०२३ रोजी मतदारांपुढं प्रश्न आला: हे तेल बेमुदत काळासाठी जमिनीखाली राहू द्यावं का?

तेव्हा या तीन क्षेत्रांतून दिवसाला सुमारे ५५ हजार पिंपं तेल निघत होतं, देशाच्या उत्पादनाच्या सुमारे १२ टक्के. देश कर्जात होता. गुन्हेगारी टोळ्यांनी थैमान घातलं होतं. मतदानाच्या अकरा दिवस आधी राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराचा सभेबाहेर खून झाला होता. अशा भीतीच्या आणि चणचणीच्या दिवसांत ५० लाखांहून अधिक माणसांनी, म्हणजे सुमारे ५९ टक्के मतदारांनी, ‘हो’ म्हटलं. विहिरी चालू असताना, पैसे येत असताना, तेल तिथंच राहू द्या म्हणाले. यांतल्या बहुतेकांनी यासुनी कधी पाहिलेलं नाही. ज्यांच्यासाठी हे मत होतं, त्या तागाएरी-तारोमेनानेंना अशी काही निवडणूक झाली हे कळलेलंही नसेल. आभार मानायला कुणी येणार नाही, हे ठाऊक असून लक्षावधी माणसं अशा अनोळखी शेजाऱ्यांसाठी रांगेत उभी राहिली.

माझा नावाडी मात्र ‘नाही’च्या बाजूचा होता. त्याचा भाऊ तेलाच्या कामावर होता, त्याच्या गावातला दवाखाना तेलाच्या पैशातून चाले. राजधानीतली माणसं आमच्या जंगलावर मत देतात, पण आमच्या मुलांना शिक्षक देत नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्याच्या ओरेयाना प्रांतात बहुमत खरोखरच ‘नाही’चं होतं, तेलक्षेत्राजवळच्या काही वाओरानी लोकांनीही विहिरी बंद करायला विरोध केला. त्याचं दुःख मला पटलं. पन्नास वर्षं तेल काढूनही त्याच्या गावाला शाळा आणि दवाखाना मिळवायला तेलकंपनीचं दार वाजवावं लागतं, हा तर तेलाविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. त्याच्या मागण्या हक्काच्या आहेत आणि त्या राज्यानं पुऱ्या करायच्या आहेत. एकाच्या दवाखान्यासाठी दुसऱ्याचं अस्तित्व पणाला लावायचं, ही निवड त्याच्यापुढं ठेवणंच अन्याय आहे.

विचारणं किती महत्त्वाचं, हे आपल्याकडेही दिसलं आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावरील बॉक्साइटच्या खाणीविषयी १२ ग्रामसभांना विचारलं गेलं आणि बाराही गावांनी खाण नाकारली. इक्वेडोरमध्येही २०१९ मध्ये पास्तासा प्रांतातल्या वाओरानींनी न्यायालयात जिंकून दाखवलं. नेमोन्ते नेन्किमो यांच्या नेतृत्वाखाली ते पुयोच्या न्यायालयात गेले. सरकारनं आमची संमती घेतल्याचा देखावा केला, असं त्यांनी सिद्ध केलं, आणि सुमारे १ लाख ८० हजार हेक्टर जंगल लिलावातून वाचलं. पण नियमगिरीचे डोंग्रिया कोंध बोलू शकतात, नेमोन्तेबाई बोलू शकतात. अलिप्त समाजांचं काय? त्यांची संमती घ्यायला जाणं हाच त्यांच्यावरचा आघात. म्हणून त्यांच्या बाबतीत कायद्यानं एकच उत्तर गृहीत धरायला हवं. त्यांचं दूर राहणं हेच त्यांचं ‘नाही’.

आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयानं हेच तत्त्व मानलं. तागाएरी आणि तारोमेनाने यांच्या खटल्याचा निकाल मार्च २०२५ मध्ये जाहीर झाला. अलिप्त समाजांविषयी या न्यायालयाचा हा पहिलाच निकाल. या लोकांच्या भूमीचं आणि जिवाचं रक्षण करण्यात इक्वेडोर कमी पडला, असं न्यायालयानं ठरवलं. तेलामुळं त्यांच्यावर काय परिणाम होईल याची शास्त्रीय खात्री नसेल, तेव्हाही सावधगिरीच्याच बाजूनं निर्णय घ्यावा, आणि सार्वमताचा कौल अमलात आणावा, असं सांगितलं.

कौल अमलात येणं मात्र रेंगाळलं आहे. एका वर्षात सगळं आवरायचं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये इश्पिंगोतली पहिली विहीर बंद झाली. एकूण विहिरी सुमारे अडीचशे. सरकारनं आणखी काही वर्षं मागितली. मध्यंतरी सुरक्षेच्या खर्चाचं कारण देऊन बंदी पुढं ढकलण्याची भाषाही झाली. विहीर बंद करणं सोपं नाही, हे खरं: ती सिमेंटनं बुजवावी लागते, नळ काढावे लागतात, रस्ते मोडून तिथं पुन्हा रान येऊ द्यावं लागतं. पण अवघड काम आणि पुढं ढकललेलं काम यांत फरक आहे, आणि तो फरक तेतेतेंच्या शेजाऱ्यांना पुरेपूर ठाऊक आहे. कोफान माणूस अजून आपली गोष्ट सांगायला आहे. तेतेते नाही.

म्हणून या आश्चर्याच्या प्रदेशातून मी एक मागणी घेऊन परतले. जे तिथं जाण्याचं स्वप्न पाहतात त्यांनी यासुनीच्या काठावर, अन्यांगूसारख्या गावांत जरूर जावं, तिथं खर्च करावा, तिथल्या लोकांचं ऐकावं. पण ‘अनोळखी जमातीचं दर्शन’ विकणाऱ्या कुणालाही एक पैसा देऊ नये. जगातल्या श्रीमंत देशांनी २०१३ मध्ये पाठ फिरवली होती. ज्या देशाच्या जनतेनं त्यांची वाट न पाहता आपल्या बळावर हा निर्णय घेतला, त्याचं कर्ज हलकं करायला त्यांनी आता तरी पुढं यावं. आणि इक्वेडोरच्या सरकारनं आपल्याच घटनेचा, आपल्याच मतदारांचा शब्द पाळावा. नावाड्याच्या गावाला दवाखाना द्यावा आणि उरलेल्या विहिरी एकेक करून बुजवाव्यात. अडीचशेतली प्रत्येक विहीर बंद होईपर्यंत, किती झाल्या आणि किती राहिल्या हे विचारत राहणं आपल्यासारख्यांना जमण्याजोगं आहे. ज्यांना विचारता येत नाही, त्यांच्या वतीनं एवढं तरी आपण करायला हवं.